हातांतलें चाक आणि रस्त्याचा स्पर्श

मोटारगाडीचे इतिहास म्हणून जे ग्रंथ लिहिले जातात ते बहुधा एंजिनाचेच इतिहास असतात. गाडी किती घोड्यांच्या बळाची झाली, ताशीं किती मैल धांवूं लागली, कोणत्या सालीं कोणती शर्यत कोणीं जिंकली, हीच त्यांतली मुख्य कथा. गाडींतील ज्या एका वस्तूवर चालकाचा हात आरंभापासून अखेरपर्यंत असतो, त्या स्टिअरिंगच्या चाकाची हकीकत मात्र चार ओळींत आटोपते. वास्तविक चालकाचें आणि रस्त्याचें जें कांहीं बोलणें होतें तें या चाकाच्या द्वारेंच होतें. डोळा पुढचें सांगतो. पण टायराखालीं या क्षणीं काय आहे, टायर रस्ता धरून आहे कीं सुटूं पाहत आहे, हें सांगणारा हातच.

हें बोलणें बंद कसें पडलें, तें बंद पाडणें कोणाला इष्ट वाटलें, आणि आज तें पुन्हां सुरू करण्यासाठीं कांहीं हौशी लोक इतके श्रम कां घेत आहेत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. अमेरिकेंत व युरोपांत १९५० ते १९७० या काळांतील गाड्या जतन करणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. गाडी जशीच्या तशी उभी केली, रंग जुळला, गाद्या जुळल्या, एंजिन गुणगुणूं लागलें, कीं मग त्यांची एक तक्रार पुढें येते : पॉवर स्टिअरिंगचें चाक एका बोटानें फिरतें खरें, पण हाताला कांहींच कळत नाहीं. यंत्र बिघडलें आहे अशी ही तक्रार नाहीं. यंत्र नवें होतें तेव्हांही तें असेंच होतें. किंबहुना तें असेंच असावें म्हणून मोठ्या बुद्धिवान् माणसांनीं वर्षानुवर्षें खटपट केली होती. रस्त्याचा स्पर्श कोणाच्या नजरचुकीनें हरवला नाहीं. तो किती ठेवायचा आणि किती काढून टाकायचा हें प्रत्येक पायरीवर कोणीतरी ठरवीत आलें आहे.

आधीं हा स्पर्श म्हणजे काय तें पाहूं. गाडी वळणावर असते तेव्हां पुढच्या टायराचा जमिनीला टेकलेला भाग थोडा मुरडतो, आणि जमीन त्याला बाजूनें जो रेटा देते तो त्या भागाच्या बरोबर मध्यावर न पडतां किंचित् मागें पडतो. त्यामुळें चाक आपण होऊन सरळ होऊं पाहतें. वळणावर हाताला जो विरोध जाणवतो तो बराचसा हाच. यांतली खुबी अशी कीं, टायराची पकड संपत आली म्हणजे तो रेटा सरकून मध्याजवळ येतो आणि चाकाची सरळ होण्याची ओढ मंदावते. पकड अजून पुरती सुटलेली नसते, पण हातांतलें चाक हलकें पडतें. ओल्या किंवा वाळू पसरलेल्या वळणावर चाक असें एकाएकीं हलकें लागलें कीं जाणता चालक वेग कमी करतो. कां केला हें विचारलें तर त्याला पुष्कळदां सांगतां येणार नाहीं. कासऱ्यावरून गाडीवानाला बैलाचें मन कळतें, त्यांतलाच हा प्रकार. मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ सालापर्यंत धांवणाऱ्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सींच्या स्टिअरिंगला कसल्याही यंत्राचें साहाय्य नव्हतें. अरुंद गल्लींत ती गाडी वळवतांना चालकाचे खांदे भरून येत. पण खडी, खड्डा, ओलें डांबर, हें सर्व त्याच्या तळहाताला नीट कळे.

मनुष्याच्या हाताला दुसऱ्या बळाची जोड देण्याची कल्पना मोटारीच्याही आधींची, आणि ती प्रथम फळाला आली जहाजावर. १८५८ सालीं पाण्यांत उतरलेलें ग्रेट ईस्टर्न हें जहाज ६९२ फूट लांबीचें होतें. एवढ्या जहाजाचें सुकाणू माणसांच्या दंडाच्या बळावर फिरवणें म्हणजे मोठें दुर्घट काम. १८६६ सालीं मॅकफार्लेन ग्रे या अभियंत्यानें वाफेवर चालणाऱ्या सुकाणुयंत्राचें पेटंट घेतलें, आणि तें यंत्र या जहाजावर बसविण्यांत आलें. सुकाणूदारानें चाक फिरवलें कीं वाफेची झडप उघडे, यंत्र सुकाणू हलवूं लागे, आणि सुकाणू हवें तितकें वळलें म्हणजे तेंच आपल्या हालचालीनें झडप मिटवी. आपलें काम कोठें थांबवावें हें यंत्राला असें प्रथमच कळूं लागलें. पुढें १८७३ सालीं फ्रान्समध्यें झोझेफ फार्को यानें अशा यंत्रांवर एक ग्रंथ लिहिला, आणि त्यांना 'सर्वो-मोतर', म्हणजे दास केलेलें यंत्र, असें नांव दिलें. नांव मोठें समर्पक आहे. पण दासाकडून काम करवून घेणाऱ्या धन्याला कामाची झळ लागत नाहीं, हेंही त्या नांवांत आलेंच. समुद्रावर त्याचें फारसें बिघडलें नाहीं. जहाज सावकाश वळतें, आणि सुकाणूदाराला विचार करण्यास अवकाश असतो. मोटारीच्या चालकाजवळ हाच अवकाश नसतो.

अगदीं आरंभींच्या बहुतेक मोटारींना चाक नव्हतें. नावेच्या सुकाणूसारखा एक दांडा असे. १८९४ च्या पॅरिस ते रूआं या शर्यतींत आल्फ्रेद वाशरों यानें आपल्या पानार गाडीला चाक बसवलें, तें पहिलें असें सामान्यतः मानतात. दांड्याचा दोष असा कीं रस्त्यावरचा प्रत्येक धोंडा तो थेट मनगटावर हाणी. म्हणून त्या पिढीच्या अभियंत्यांना स्पर्शाचें कौतुक तर नव्हतेंच, उलट त्याची धास्तीच होती. मळसूत्र आणि दांते यांची अशी जोडणी ते करूं लागले कीं हातानें रस्त्यावरचीं चाकें वळावीं, परंतु रस्त्याच्या धक्क्यानें हातांतलें चाक हलूं नये. ही उलट न फिरणारी रचना त्या काळीं एक सोय समजली जाई, आणि तेव्हांचे रस्ते लक्षांत घेतां ती सोय होतीही. पुढें रस्ते सुधारले, वेग वाढले, तेव्हां उमगलें कीं धक्क्यांबरोबर बातमीही अडली आहे. मग उलट येण्याची वाट थोडी मोकळी ठेवण्याची पद्धत पडली. तेलाच्या साहाय्यासंबंधीं जो वाद पुढें व्हायचा होता त्याची ही जणूं रंगीत तालीमच झाली.

१९२० नंतरच्या दशकांत गाड्या जड होत गेल्या, आणि त्याच सुमारास कमी हवेचे, रुंद, गुबगुबीत 'बलून' टायर आले. बसणाऱ्याला सुख झालें. वळवणाऱ्याचे हाल झाले. उभ्या गाडीचें चाक फिरवणें जिवावर येऊं लागलें. त्यावर अभियंत्यांनीं सरळ उपाय योजला तो दांत्यांचें प्रमाण वाढवण्याचा. हाताला जोर कमी, पण फेरे जास्त. कित्येक मोठ्या अमेरिकन गाड्यांचें चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेण्यास पांच पांच फेरे लागत. जोर वांचला तो वेळांत खर्च झाला. शिवाय ज्या दांत्यांनीं चालकाचा जोर कैकपट वाढून रस्त्याकडे जातो, त्याच दांत्यांतून रस्त्याचा निरोप तितक्याच पटीनें बारीक होऊन हाताशीं येतो. तेव्हां स्पर्श मावळण्यास तेलाच्या आधींच आरंभ झाला होता, हें पॉवर स्टिअरिंगला दोष देणाऱ्यांनीं विसरूं नये.

आतां या कथेचा मुख्य पुरुष. फ्रान्सिस डेव्हिस हा पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक-विभागांतील अभियंता. अवजड ट्रक वळवतांना चालकांची होणारी दमछाक रोज त्याच्या डोळ्यांसमोर होती. कंपनीची नोकरी सोडून त्यानें मॅसॅच्युसेट्स संस्थानांत वॉल्थॅम येथें एक लहान कारखाना थाटला, आणि जॉर्ज जेसप या कुशल कारागिराला हाताशीं घेऊन तो या प्रश्नाच्या मागें लागला. तेलाच्या दाबानें काम करवून घ्यावें हें उघडच होतें. अडचण अशी होती कीं, दाब सदोदित कोंडून ठेवला तर यंत्र आवाज करतें, सांधे गळतात, आणि झडप उघडतांच तेल धक्क्यासरशी आंत घुसतें. डेव्हिसनें ही मांडणीच उलटी केली. त्याच्या यंत्रांत झडप उघडीच असे आणि तेल पंपाकडून टांकीकडे निर्वेधपणें फिरत राही. चालकानें चाक वळवलें कीं झडप एका बाजूनें मिटूं लागे आणि तेवढ्यापुरता दाब निर्माण होई. पाटाचें पाणी आपल्या वाटेनें वाहत असावें, आणि माळ्यानें पायानें थोडी माती सारून तें हव्या त्या वाफ्यांत वळवावें, तशी ही युक्ति. जगांत तेलावर चालणारीं जीं असंख्य पॉवर स्टिअरिंगें पुढें झालीं त्यांतील बहुतेकांचें मूळ या उघड्या झडपेंत आहे.

१९२६ च्या ऑक्टोबरांत डेव्हिस आपलें यंत्र बसवलेली पिअर्स-ॲरो गाडी घेऊन डेट्रॉइटला गेला. जनरल मोटर्सला ती पसंत पडली, करार झाला, आणि कॅडिलॅक गाड्यांत हें यंत्र घालण्याचा विचार सुरू झाला. परंतु इतक्यांत आर्थिक मंदीचा काळ आला. यंत्र महाग, गिऱ्हाईक थोडें, सांचे तयार करण्याचा खर्चही निघेना असा हिशेब झाला, आणि १९३४ सालीं कंपनीनें हात आखडता घेतला. डेव्हिस मग १९३६ त बेंडिक्स कंपनीकडे वळला. १९३९ पर्यंत या नव्या करारानें उणींपुरीं दहा वाहनें तयार झालीं होतीं. तेरा वर्षांची ही कमाई! पण त्याच सुमारास युद्ध पेटलें, आणि ज्या यंत्राला शांततेंत गिऱ्हाईक मिळालें नाहीं त्याला सैन्यांत मागणी आली. ब्रिटिश सैन्यासाठीं शेव्हरोले कारखान्यांत बनलेली स्टॅगहाउंड ही चिलखती गाडी चौदा टनांच्या आसपास वजनाची. ती हाताच्या जोरावर वळवीत लढणें कठीणच. युद्ध संपेपर्यंत दहा हजारांहून अधिक लष्करी वाहनांत हें यंत्र बसलें होतें. चिलखती गाडींतल्या शिपायाला रस्त्याच्या स्पर्शाची उणीव भासली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. एका हातानें गाडी वळवतां येणें हीच त्याला जीव वांचवणारी गोष्ट होती.

यानंतर मात्र घटना भराभर घडल्या. १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीनें आपल्या इम्पीरियल गाडींत 'हायड्राग्वाइड' या नांवानें पॉवर स्टिअरिंग विकावयास काढलें. सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळणारें हें पहिलें, आणि तें डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारें बनलेलें. म्हणजे त्याबद्दल मूळ शोधकाला कांहीं देण्याचें कारण उरलें नव्हतें. जनरल मोटर्सला जाग आली, तिनें डेव्हिसला पुन्हां गांठलें, आणि १९५२ च्या कॅडिलॅकमध्यें त्याच्या रचनेचें यंत्र आलें. पंचवीस वर्षें थांबलेल्या माणसाच्या वांट्याला अखेर यश आलें, हें वाचून बरें वाटतें.

दोन कंपन्यांच्या या चढाओढींतच आमच्या विषयाचा गाभा आहे. क्रायस्लरनें आपलें साहाय्य 'पूर्णवेळ' आहे अशी मोठी जाहिरात केली. चाकाला हात लागला कीं तेल कामाला लागलेंच. जनरल मोटर्सच्या झडपेला मध्यावर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगा होत्या. हाताचा जोर एका मर्यादेच्या आंत असेपर्यंत चाक जुन्या पद्धतीनें सरळ दांत्यांशींच बोले, आणि जोर वाढला म्हणजे मगच तेल पुढें होई. क्रायस्लरचे लोक याला अर्धवट साहाय्य म्हणून हिणवीत. आमच्या मतें जनरल मोटर्सची कल्पना अधिक शहाणपणाची होती. सरळ रस्त्यावर मैलोन्मैल जातांना चाक मध्याच्या आसपास किंचित् किंचितच हलवावें लागतें. तेथें हाताचा संबंध तुटला तर गाडी सरळ चालली आहे कीं नाहीं हें डोळ्यानेंच पाहत बसावें लागतें, आणि चालक नकळत थकतो. पण बाजारांत जिंकली ती हलकेपणाची हौस. तसें होणें अपरिहार्यच होतें. गिऱ्हाईक दुकानांत उभ्या गाडींत बसून चाक फिरवून पाहतो. हलकेपणा त्याला एका मिनिटांत पटतो. स्पर्शाची किंमत त्याला कळणार ती सहा महिन्यांनीं, एखाद्या निसरड्या वळणावर. मग इतर कंपन्यांनींही या हलकेपणांत एकमेकींवर ताण केली.

तरी या हलकेपणाची केवळ टिंगल करणें आम्हांस मान्य नाहीं. ज्यांच्या दंडांत बळ नाहीं अशा कितीतरी माणसांना, वृद्धांना, अपंगांना, आणि जड गाड्यांमुळें मागें राहिलेल्या असंख्य स्त्रियांना, या यंत्रानें स्वतः गाडी चालवण्याचें स्वातंत्र्य दिलें. रस्त्याच्या स्पर्शावर प्रेम करणारे लेखक बहुधा दणकट पुरुष असतात, आणि गाडी जागेवर लावण्याचें काम त्यांच्या लेखनांत क्वचितच येतें.

हलकेपणाची हौस कोणत्या थराला गेली याचा एक मासला सांगण्यासारखा आहे. १९६५ सालीं फोर्ड कंपनीनें मर्क्युरी गाडीवर असा प्रयोग केला कीं, मोठें चाक काढून टाकून त्याच्या जागीं पांच इंच व्यासाचीं दोन कडीं बसवलीं. मनगट मुरडावें आणि गाडी वळावी. बाजारांत तें आलें नाहीं, हें ठीकच झालें. फ्रान्समध्यें सित्रोएन कंपनीनें वेगळा, आणि आमच्या मतें अधिक प्रामाणिक, मार्ग काढला. १९५५ च्या तिच्या डी. एस. गाडींत तेलाचा दाब ब्रेक, स्प्रिंगा व स्टिअरिंग या सर्वांना पुरवलेला होता. १९७० च्या एस. एम. गाडींत तर ती याच्याही पुढें गेली. तिचें चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अवघे दोन फेरे फिरे, आणि गाडीचा वेग वाढेल तसतसें तेलच त्याला मध्याकडे अधिकाधिक जोरानें ओढी. एंजिन चालूं असतां उभ्या गाडीचें चाक वळवून सोडून दिलें तर तें आपण होऊन मध्यावर येई. हाताला विरोध लागे, पण तो रस्त्याचा नव्हे; तो कारखान्यांतील अभियंत्यांनीं गणित करून घातलेला. ज्यांना ती गाडी आवडे ते तिच्यावर जीव टाकीत. ज्यांना आवडत नसे ते पहिल्या वळणालाच घाबरत.

जनरल मोटर्सच्या सॅगिनॉ विभागानें १९५९ च्या सुमारास फिरती झडप प्रचारांत आणली, आणि पुढें जगांतल्या कित्येक कारखान्यांनीं ती रचना उचलली. जुन्या गाडीला स्पर्श परत देण्याची सर्व विद्या या झडपेभोंवतीं फिरते, म्हणून ती थोडी समजून घेतली पाहिजे. चालकाचें चाक आणि रस्त्याकडे जाणारे दांते यांच्या मधला दुवा म्हणजे पेन्सिलीहूनही बारीक अशी एक पोलादी सळई. चाक वळवलें कीं ती पीळ खाते. जितका पीळ तितकी झडप हलते, आणि तितकें तेलाचें साहाय्य मिळतें. सळई बारीक असली तर जराशा जोरानें पिळते, साहाय्य ताबडतोब येतें, आणि हाताला कांहीं काम उरत नाहीं. ती जाड असली म्हणजे आधीं हाताला आपला वांटा उचलावा लागतो, आणि त्या वांट्याबरोबरच रस्त्याची बातमीही हातापर्यंत पोंचते. पिळाला होणारा विरोध जाडीच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणांत वाढतो असा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. सळईची जाडी शेंकडा दहांनीं वाढवली तर तिचा ताठपणा शेंकडा शेहेचाळिसांनीं वाढतो. केंसाएवढ्या फरकानें गाडीचा स्वभाव बदलतो तो असा. १९६८ सालीं जॅग्वार कंपनीची एक्स. जे. ६ ही गाडी निघाली, तेव्हां परीक्षकांनीं तिच्या शांतपणाची व चालीची तोंड भरून स्तुति केली आणि स्टिअरिंग मात्र फार हलकें म्हणून नाक मुरडलें. आज त्या गाडीचे शौकीन जी दुरुस्ती करवून घेतात ती मुख्यतः या सळईचीच.

परंतु सळईला हात घालण्यापूर्वीं करण्याजोगीं कामें पुष्कळ आहेत, आणि अनुभवी कारागीर तींच आधीं करतात. स्पर्श नाहीं अशी जी तक्रार असते तिच्यांतला निम्मा भाग पुष्कळदां झिजेचा असतो. सांध्यांतले गोळे ढिले झालेले असतात. चाकाचा दांडा आणि स्टिअरिंग बॉक्स यांना जोडणारी रबर-कापडाची चकती पन्नास वर्षांत मऊ पडलेली असते. हाताचा पहिला जोर या ढिलाईंतच मुरतो. ही ढिलाई काढण्यासाठीं अर्धवट कारागीर बॉक्सवरचा स्क्रू आवळतो. तो फाजील आवळला कीं दांते मध्यावर अडकल्यासारखे होतात, चाक वळणावरून परत येईनासें होतें, आणि उरलासुरला स्पर्शही जातो.

त्यानंतर पुढच्या चाकांची मांडणी. खुर्चीच्या पायाला असलेलें लहान चाक आपल्या खिळ्याच्या मागें ओढलें जातें म्हणून सरळ राहतें. मोटारीचीं पुढचीं चाकेंही ज्या अक्षाभोंवतीं वळतात तो अक्ष मागें थोडा कलता ठेवून हाच परिणाम साधतात. १९६० च्या आसपासच्या कित्येक अमेरिकन गाड्यांत हा कल एका अंशाच्या आसपास, कधीं शून्याजवळही असे. कारण वळवणें हलकें व्हावें हा हेतु, आणि त्या वेळचे टायरही वेगळ्या विणीचे. आजच्या रेडिअल टायरांवर तीच गाडी चालवावयाची तर तो कल तीन-चार अंशांपर्यंत नेतात. तेल आहेच, तेव्हां वाढलेला जोर चालकाला जाणवत नाहीं; पण चाक मध्याकडे परत येऊं लागतें, आणि सरळ रस्त्यावर त्याला एक ठिकाण सांपडतें. आमच्या समजुतीनें सर्व उपायांत हा सर्वांत गुणकारी, आणि त्यांत गाडीचा एकही मूळ भाग बदलावा लागत नाहीं. चाकाचा व्यास कमी करणें हाही एक सोपा उपाय आहे. सतरा इंचांऐवजीं पंधरा इंचांचें चाक लावलें तर हाताला सुमारें शेंकडा तेरा जोर अधिक लागतो. मात्र यानें जोर वाढतो, बातमी वाढत नाहीं. जड आणि बोलकें या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि नवशिक्यांची फसगत बहुधा येथेंच होते.

पंपासंबंधींही असाच गैरसमज आहे. पंपाचा कमाल दाब उतरवला म्हणजे स्पर्श परत येईल अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षांत त्या कमाल दाबाची गरज उभी गाडी वळवतांनाच लागते. रस्त्यावर चालतांना दाब मुळांतच थोडा असतो. तेव्हां दाब उतरवल्यानें गाडी जागेवर लावणें तेवढें कष्टाचें होतें आणि वळणावर कांहींच फरक पडत नाहीं. परिणाम होतो तो तेलाचा ओघ कमी केल्यानें. उघड्या झडपेंत दाब हा ओघाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. ओघ दहांत एक भागानें घटवला तर झडपेच्या त्याच स्थितींत दाब शंभराचा एक्याऐंशी होतो. परंतु ओघ फार घटवला तर चाक चटकन् वळवतांना तेल मागें पडतें आणि चाक हातांत अडखळतें. संकटाच्या क्षणींच नेमकें असें व्हावें हें भयंकर, म्हणून हा उपाय जपूनच करावा.

इतकें करून भागलें नाहीं तर मग सळई. सॅगिनॉच्या बॉक्सची एक सोय अशी कीं तो अनेक वर्षें, अनेक गाड्यांत, थोड्याफार फरकानें तोच राहिला. १९७० नंतर अमेरिकन कंपन्यांनाच स्पर्शाची आठवण झाली, आणि पॉन्टिॲक ट्रान्स ॲमसारख्या गाड्यांसाठीं अधिक ताठ सळईचे, कमी फेऱ्यांचे बॉक्स निघाले. ते कांहीं जुन्या गाड्यांत जवळजवळ जसेच्या तसे बसतात. क्रायस्लरच्या जुन्या बॉक्सांत फिरती झडप नसून सरकती झडप असते; तेथें झडपेला मध्यावर धरणारे भाग ताठ करावे लागतात, आणि हें काम तज्ज्ञावांचून करूं नये.

येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि जुन्या वस्तूंच्या जतनाविषयीं आस्था असणाऱ्या वाचकांना तो ओळखीचा वाटेल. हेमाडपंती देवळाच्या काळ्या दगडाला भक्तांनीं तैलरंग फासला म्हणजे आपण हळहळतों. मग जुन्या गाडीच्या पोटांतली सळई बदलणें हें काय? ती बाहेरून दिसत नाहीं एवढ्यावर तिचें समर्थन होणार नाहीं. एक पक्ष म्हणतो, गाडी ही चालवण्याची वस्तु. ती आजच्या रस्त्यावर निर्धास्तपणें चालली पाहिजे. दुसरा म्हणतो, १९५१ च्या इम्पीरियलचा मुकेपणा हाच तिच्या काळाचा लेख आहे. तो खोडला तर त्या गिऱ्हाइकानें काय विकत घेतलें, आणि त्याला त्याचें इतकें अप्रूप कां वाटलें, हें पुढच्यांना कसें कळणार? आम्ही या दुसऱ्या पक्षाचे आहोंत, पण थोड्याच गाड्यांपुरते. जी गाडी या इतिहासाची एक पायरी आहे, तिला हात लावूं नये. लाखांनीं निघालेल्या, घरोघर वापरलेल्या गाड्यांना हा नियम लावणें म्हणजे जुनेपणाचें सोवळें. त्यांच्या बाबतींत एवढेंच पुरे कीं काढलेला मूळ बॉक्स तेल लावून, चिठ्ठी बांधून जपून ठेवावा, आणि काय बदललें व कधीं तें गाडीच्या कागदांत लिहावें. चाकांचा कल बदलण्याला तर कोणाचीच हरकत नसावी. तो एका दुपारीं पूर्ववत् करतां येतो.

इकडे नव्या गाड्यांत तेलच मागें पडलें आहे. १९८८ सालीं जपानच्या सुझुकी कंपनीनें आपल्या सर्व्हो या लहान गाडींत विजेच्या मोटरनें साहाय्य देणारें स्टिअरिंग आणलें. १९९० त होंडाच्या एन. एस. एक्स. मध्यें तें दिसलें. आणि २०११ सालीं पोर्शनें आपल्या ९११ ला तें लावलें तेव्हां तेलाच्या स्पर्शासाठीं हळहळणाऱ्यांचा मोठा गलबला झाला. ज्या तेलानें स्पर्श मारला म्हणून एका पिढीनें बोटें मोडलीं, त्याच्याच नांवानें दुसरी पिढी उसासे टाकूं लागली. विजेच्या यंत्रांत किती साहाय्य द्यावयाचें हें गणकयंत्र क्षणोक्षणीं ठरवतें. झडपेचा आकार आणि सळईची जाडी यांची जागा आंकड्यांच्या एका कोष्टकानें घेतली आहे.

हेंच विजेचें साहाय्य आतां जुन्या गाड्यांतही शिरलें आहे. ज्यांना मुळांत कसलेंच साहाय्य नव्हतें अशा ब्रिटिश व युरोपियन गाड्यांच्या स्टिअरिंगच्या दांड्यावर, डॅशबोर्डाच्या आड, एक लहान मोटर बसवतात. बाहेरून कांहीं दिसत नाहीं. कांहीं गाड्यांत डॅशबोर्डाखालीं फिरवण्याची एक बारीक घुंडी तेवढी असते. गाडी जागेवर लावतांना मालक ती एका टोकाला नेतो, आणि घाटाचा रस्ता लागला कीं हात खालीं घालून ती हळूहळू मागें फिरवीत, चाक हाताला पुन्हां बोलूं लागेपर्यंत आणतो.